दुसऱ्या तासाचा आकडा

‘माती बसत असली की टेबलाला कोपरसुद्धा टेकवायचं नाही,’ माती तपासायच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेल्या सावळीरामभाऊंनी शिकवलं होतं. यशोदाबाई हात मांडीवर घेऊन बसली होती. समोर उंच काचेच्या जारमध्ये गढूळ पाणी, त्यात पाण्याचा दाटपणा मोजणारा, तरंगणारा हायड्रोमीटर. वाळू पहिल्याच मिनिटात तळाला गेली. आता गाळाचे कण बसत होते, आणि हायड्रोमीटर केसाकेसानं खाली उतरत होता. दोन तासांनी पाण्यात उरेल तेवढीच चिकणमाती धरायची.

तासाभरानं साहेब आले. पेठकडच्या बांधाचा गाभा याच मातीनं भरायचा होता, उद्यापासून. चिकणमाती तीस टक्के हवी. कमी पडली तर पाणी आतून झिरपून बांध पोखरतं. साहेबांनी वाकून आकडा पाहिला. हिशेबानं एकतीस. हाच दोन तासांच्या रकान्यात लिहा आणि मोकळ्या व्हा, म्हणाले. चहाही मागवला. तिनं सांगितलं, आज सोमवार, मला निर्जळी उपास आहे. आणि तास अजून एकच झालाय.

“उपास सोमवारचा, हट्ट मात्र रोजचा,” साहेब हसले. “एका तासानं काय आभाळ कोसळणार आहे, बाई?”

“आभाळ नाही, साहेब. बांध.”

चहा त्यांनी एकट्यानंच घेतला.

दुसरा तास भरला. तिनं आकडा दोनदा वाचला, हिशेब केला आणि शाईनं लिहिलं: अठरा टक्के. खाली पूर्ण नावाची सही केली. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली. रिपोर्ट दुसऱ्याकडून करून घेता येतो, बदलीही करता येते, असं आवाज न चढवता सांगितलं.

“हा कागद या खोलीबाहेर जायचा नाही.”

“कागद राहू द्या इथं,” ती म्हणाली, आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

परवा मातीच्या गोणीबरोबर ट्रकमधून भागीबाई आली होती. बांधावर मजुरीला, आणि घर बांधाच्या खालच्या अंगाला, अगदी पहिलं. मला वाचता येत नाय, मग माती कशी निघाली ते मला कसं कळायचं, असं तिनं विचारलं होतं. मी स्वतः येऊन सांगेन, असा शब्द यशोदाबाईनं दिला होता.

स्टँडवर पेठची गाडी लागलेली होती. आज परतीची गाडी मिळायची नाही, कंडक्टरनं बजावलं.

यशोदाबाई आत सरकून खिडकीशी बसली.