डावी कूस

"डोळे मिटायचे नाहीत," कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कितीही फिरलं तरी. मला तुमचे डोळेच बघायचे आहेत."

तपासणीच्या टेबलावर पाय पसरून बसलेल्या ड्रायव्हरबाईने मान डोलावली. भिंतीशी स्टुलावर तिचा नवरा, मांडीवर रिपोर्टांची फुगलेली पिशवी घेऊन.

ती शहरबस चालवायची. काही महिन्यांपूर्वी एका सकाळी अंथरुणात कूस बदलताना खोली गरकन फिरली, आणि त्याच दिवशी तिने डेपोत जाऊन गाडीची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. "माझ्यामागे माणसं बसतात," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून दवाखाने पालथे घालणं चाललं होतं. एका डॉक्टरने मान धरली, दुसऱ्याने पोट धरलं, तिसऱ्याने तर नवऱ्यालाच धरलं, घरात काही कटकट आहे का म्हणून. रक्त चांगलं, हृदय चांगलं, डोक्याचा फोटो चांगला. दर चांगल्या रिपोर्टागणिक डेपोतली कुजबुज वाढत गेली. जाऊबाई तोंडावर म्हणाल्या, "मनाचे खेळ गं. कामाला लागलीस की विसरशील." साहेबांचाही निरोप आला: सगळं ठीक आहे, उद्यापासून गाडी काढा. तिने काढली नाही.

इथे मात्र पिशवी उघडायच्या आधी प्रश्न आला होता, "चक्कर येते म्हणजे नक्की काय होतं?"

"खोली फिरते. मी नाही, खोली. डाव्या कुशीवर वळले की."

"किती वेळ?"

"श्वास रोखून धरता येईल, तेवढाच."

त्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि तिला टेबलावर बसवलं होतं.

आता त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, डावीकडे वळवलं आणि एका झटक्यात तिला मागे आडवं केलं. डोकं टेबलाच्या कडेबाहेर लोंबतं राहिलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती ओरडली, आणि तिचे डोळे घट्ट मिटले गेले.

"उघडा. उघडा बघू."

नाही उघडले. फिरणं थांबलं तेव्हा ती घामाने भिजली होती.

"काही दिसलं?" नवऱ्याने विचारलं.

"अंदाज आला. पण डोळे दिसले नाहीत तर मी छातीठोकपणे सांगणार नाही." डॉक्टरीणबाईंनी तिला सावकाश उठवून बसवलं. "आज राहू दे. उद्या या."

"उद्या काय वेगळं होणार आहे? पुन्हा करा."

"अगं, जरा दम तरी खा," नवरा म्हणाला.

"तुम्हाला बघवत नसेल तर बाहेर बसा."

तो उठला, पण बाहेर गेला नाही. टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

पुन्हा मान वळली, पुन्हा डोकं मागे गेलं. या वेळी तिने टेबलाच्या दोन्ही कडा पकडल्या होत्या. छत हललं, सरकलं, मग भोवऱ्यासारखं सुटलं. पापण्या आपसूक खाली यायला लागल्या. तिने दात आवळले आणि पापण्या वर ओढल्या. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, तरी डोळे उघडेच.

"शाब्बास," डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. "शाब्बास. थोडंच राहिलं."

नवऱ्यालाही दिसलं. तिची बुबुळं एका बाजूला हळूच ओढली जात होती आणि झटका देऊन परत येत होती. पुन्हा पुन्हा, तिला न विचारता. इतके महिने शेजारी झोपून त्याने हे कधी पाहिलं नव्हतं.

"सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात. तुमच्या डाव्या कानातले जागा सोडून भलत्या नळीत शिरलेत. मनाचा काही संबंध नाही. आता त्यांना घरी पाठवू या."

मग त्यांनी तिचं डोकं तसंच धरून हळूहळू उजवीकडे फिरवलं, तिला कुशीवर वळवलं, नाक जमिनीकडे करायला लावलं, प्रत्येक वेळी थांबत, वाट बघत, आणि शेवटी उठवून बसवलं. औषध नाही, सुई नाही. थोड्या वेळाने पहिल्यासारखंच झटक्यात आडवं करून पाहिलं. छत जागेवर होतं.

"हे परत उद्भवू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आलंच तर घाबरू नका. कण पुन्हा जागेवर बसवू."

"आणि गाडी?"

"पुढच्या आठवड्यात तपासते, मग सांगते. तोवर नाही."

"चालेल."

जिना उतरताना नवरा तिच्या एक पायरी पुढे होता. मागे न वळता म्हणाला, "खरं सांगू? मधेमधे मलाही वाटायचं, की..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "हळू उतरा, तुमचाच पाय घसरेल."

रस्त्यावर ऊन होतं. समोरच्या इमारतीच्या पार वरच्या मजल्यावर कुणीतरी गॅलरीतून निळी चादर झटकत होतं. ती थांबली. या सगळ्या काळात चक्कर येईल म्हणून तिने मान वर करणंच सोडलं होतं. वरच्या फळीवरचे डबेसुद्धा तोच काढून द्यायचा.

तिने सावकाश मान मागे टाकली. त्याचा हात झटकन तिच्या पाठीमागे गेला आणि पाठीला न टेकता तसाच हवेत थांबला.

माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली. ती डोळे उघडे ठेवून वर बघत होती. चादर झटकून झाली, घडी होऊन आत गेली, तरी बघत होती.