उस्तादांची गाणी

सोव्हिएत राजवटीनं बंदी घातलेली जुनी गाणी शिकवतात म्हणून एकावन्न साली समरकंदच्या इसोमिद्दिन उस्तादांना पकडून नेलं. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीवर त्यांच्या लाडक्या शिष्येची, मुकद्दसची सही होती. पुढे ती सिनेमाची नायिका झाली.

पाच वर्षांनी उस्ताद सैबेरियातून सुटून आले. ती गरम नान घेऊन गेली आणि दारातच रडायला लागली. "उस्ताद, ती सही माझीच होती."

"ठाऊक आहे, पोरी. केव्हाच माफ केलं. माझी गाणी गातेस ना?"

"तेव्हापासून एकदाही नाही. लाज वाटायची."

उस्तादांनी चहाचा पियाला खाली ठेवला. "अगं, तू बाहेर आहेस, तू गात असशील, एवढ्यावरच तर तिथली थंडी काढली मी."

मुकद्दसनं घाईघाईनं सूर लावला. पहिल्या ओळीपुढचे शब्द तिला आठवेनात.