सांगलीच्या आजीची शिकवणी

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीच्या घरात रोज दुपारी चारला व्हिडिओ कॉल वाजायचा आणि कावेरीबाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. सांगलीहून विहीणबाई, निवृत्त मास्तरीण, नातीला, अस्मीला, इंग्रजी शिकवायच्या. आजी-नात खिदळायच्या, आणि चौथीत शाळा सुटलेल्या कावेरीबाई शेजारीच नुसता लसूण सोलत बसायच्या.

"स्मिता, बंद कर गं ही शिकवणी," त्या एकदा सुनेवर डाफरल्या. "पोरीला न्हाऊ-माखू मी घालायचं, शाळेच्या बसपाशी उन्हात मी तापायचं, रात्री कुशीत मी निजवायचं, आणि लाडाची कोण, तर फोनमधली बाई!"

"आई, परीक्षा होऊ द्या, मग बंद करू."

"एवढं शिकवते तरी काय ती?"

"कंडिशनल सेन्टेन्सेस, आजी," अस्मी म्हणाली. "असं झालं तर तसं होईल. यू वोन्ट गेट इट."

"न कळायला काय झालं? जर-तर करण्यातच जन्म गेला माझा. मराठीत सांग, आज काय लिहून दिलंय तिनं?"

अस्मीनं वही उघडली आणि अडखळत सांगितलं, "मी दुबईत असते, तर तू रोज माझ्या कुशीत झोपली असतीस."

कावेरीबाईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.


"छान शिकवतात हो विहीणबाई," त्या सुनेला म्हणाल्या. "परीक्षेनंतरही चालू ठेव. आणि उद्या त्यांना म्हणावं, अशीच आणखी दहा वाक्यं द्या."