रविवारचे परग्रहवासी

कमल आजही शेजारच्या शरदकडे निघाली होती, आणि तेही ठेवणीतली साडी नेसून. दर रविवारी संध्याकाळी तिथे विलायती मालिका लागायची. परग्रहावरचे जीव शेजाऱ्यांचं रूप घेऊन घराघरांत शिरतात आणि कुणालाच पत्ता लागत नाही, अशी काहीशी गोष्ट.

"इंग्रजी कळतं तरी का तुला?" तिच्या नवऱ्याने, गोपीनाथने विचारलं.

"शरदभावजी समजावून सांगतात ना. आज आखरी भाग आहे."

ती गेली आणि गोपीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला.

शरद आणि तो इंदूरच्या एकाच कापड मिलमध्ये, शेजारशेजारच्या लूमवर. मिलचं काही खरं नाही हे ओळखून शरद वेळेवर बाहेर पडला, गच्चीवर डिश लावली आणि मोहल्ल्याला केबल देऊ लागला. गोपीनाथ फाटकाला कुलूप लागेपर्यंत थांबला. आता तो दिवसभर ओट्यावर बसायचा. शरदची भरभराट त्याने कशीबशी पचवली होती. पण घरी आल्यावर कमल मालिकेपेक्षा शरदचंच कौतुक जास्त करायची, ते काही केल्या पचेना. शरदची बायको चारुलता चहा करायला आत गेली की ही दोघं काय बोलत असतील, या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

पलीकडून कमलचं हसू ऐकू आलं, तसा तो उठला. पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला, आपल्या गच्चीवर चढून लागून असलेल्या शरदच्या गच्चीवर उतरला आणि डिशकडून येणारी वायर कापून टाकली. खालचा आवाज बंद पडला. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. लोंबणारी टोकं मात्र बघवेनात. लूमवर तुटलेल्या धाग्याचं टोक मोकळं सोडायचं नसतं. बोटांनी आपसूक गाठ मारली आणि तो परत ओट्यावर येऊन बसला.

थोड्या वेळाने शरद आला. मागे कमल, मान खाली घालून. शरदने गाठ मारलेला वायरचा तुकडा गोपीनाथसमोर ठेवला.

"ही गाठ मिलमध्ये तूच शिकवली होतीस मला, भिया."

कमलने डोळ्यांना पदर लावला.

"वहिनींना त्या मालिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं," शरद म्हणाला. "दर रविवारी यायच्या त्या तुझ्यासाठी गळ घालायला. या गल्लीची लाइन सांभाळायचं काम उद्यापासून तुला देणार होतो."