गल्लीच्या मागचा टीव्ही

आग्नेय आशिया चषकाच्या फायनलची शेवटची पेनल्टी हिएनचा मुलगा क्वेत मारणार होता. बसली, तर चषक व्हिएतनामचा.

हिएनच्या टीव्हीवर मॅच गल्लीपेक्षा जरा उशिराच यायची. गोल झाला की आधी शेजारची पातेली बडवलेली ऐकू यायची, मग पडद्यावर चेंडू जाळ्यात जायचा.

पडद्यावर क्वेत अजून चेंडू ठेवत होता. एव्हाना गल्लीला निकाल कळलेला असणार. पण बाहेर चिडीचूप. एक झाकणसुद्धा वाजलं नाही.

"हुकली माझ्या पोराची," ती पुटपुटली. टीव्ही बंद करायला उठली, आणि चेंडू थेट जाळ्यात!

तेवढ्यात शेजारच्या थोआनं पातेल्यासकट दारातून डोकं आत घातलं.

"आला का गं गोल तुझ्याकडे? सगळी गल्ली तोंड दाबून बसलीय. बडवू आता?"