नव्या प्रोसेसरची गुणगुण

"नव्वद," ती म्हणाली. "दोन पानं वाचून होत नाहीत तोवर नव्वद अंशांवर गेला तुमचा प्रोसेसर."

धाकट्या दिराने मान खाजवली. आठवड्यापूर्वी त्यानेच मोठ्या हौसेने वहिनीच्या जुन्या कॉम्प्युटरात नवा प्रोसेसर बसवला होता. तेव्हापासून आतला पंखा असा भणभणायचा की पेटीत गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केलंय असं वाटावं.

ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. या आठवड्यात अंगाईगीतांचं पुस्तक हाती घेतलं होतं, मधे गोष्ट, मधे कडवी. ध्वनिसंपादकाने ते दोनदा परत पाठवलं होतं. "ताई, मागे गुणगुण येतेय. आज संध्याकाळपर्यंत स्वच्छ मिळालं नाही तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाईल."

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर शाल. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची वाचा गेली त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांना एकटं सोडवत नसे, म्हणून ती याच खोलीत वाचायची.

"आई, बघा, तुमच्या लेकाने माझ्या टेबलाखाली भुंगा पाळलाय."

सासूबाई बाहेरच्या झाडाकडे बघत राहिल्या.

दिराने पेटी उघडली, प्रोसेसरवरचा पंख्याचा ठोकळा उचलून उलटा केला. ठोकळ्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक अजून चिकटलेलं होतं.

"हे काढायचं असतं का?" तिने वाकून विचारलं.

"असतं."

"कुणी?"

"वहिनी, दादाला सांगू नका."

प्लास्टिक निघालं, उष्णता खेचणारी पेस्ट लागली, पंख्याचा वेग उतरला. आकडा पंचावन्नावर टेकला. पेटी चालू आहे हे आता हात लावूनच कळत होतं. तिने कानांवर जाडजूड हेडफोन चढवले, म्हणजे स्वतःच्या आवाजाखेरीज काही ऐकू यायचं नाही, आणि एक प्रकरण वाचून पाठवलं.

तासाभरात फोन आला. "ताई, भणभण गेली. गुणगुण आहे. गोष्टीत नाही, फक्त कडव्यांच्या वेळी."

"कविता आली की रंगात येतो," दीर म्हणाला. "रसिक निघाला."

ती हसली नाही. कडवं काय नि गोष्ट काय, प्रोसेसरला काय कळतं? दिराने एक कान पेटीला लावला, दुसऱ्यात बोट घातलं; हेडफोन न काढताच, आकड्यावर नजर ठेवून तिने पुन्हा वाचून पाहिलं. गोष्टीला पंचावन्न. कडव्यालाही पंचावन्न.

"भाऊजी, प्लगच काढा. मोबाइलवर घेऊ."

हेडफोन काढून तिने बाजूला ठेवले, मोबाइल समोर टेकवला आणि नेहमीसारखं सरळ, सपाट वाचू लागली. पुस्तकात शब्द होते, चाल कुठे होती?

"सांज आली दारी, पाखरं वळली घरी,
माझ्या तान्हुल्याची झोप..."

ती अर्ध्यातच थांबली.

ओळ थांबली नाही. बारीक, बंद ओठांतून यावी तशी गुणगुण पुढे गेली, हेलकावे घेत, एका जुन्या चालीत.

"प्लग?" तिने कुजबुजत विचारलं.

दिराने हात वर केला. प्लग त्याच्या मुठीतच होता. तो तसाच काही क्षण ऐकत उभा राहिला. मग प्लग खाली ठेवून, उघड्या पेटीला वळसा घालून तो खिडकीशी गेला आणि शालीपाशी जमिनीवर बसला.

"आई," तो म्हणाला, "पुढचं कडवं म्हण ना."