रिकामी गाठ

“आठवडाभर घरी शिकवून बघ, मग शाळेचं ठरवू,” नवरा म्हणाला होता. पीठ मापून बेरजा झाल्या, पोस्टात पाट्या वाचून झाल्या. शुक्रवारी मी दोघी लेकींना मत्स्यालयात नेलं. तिथं शाळेची सहल आली, गाठी मारलेला लांब दोर धरून, एकेका गाठीला एकेक मूल. मी नाक मुरडलं. “बघा, दाव्याला बांधलेली वासरं!” सगळ्यात मागची चिमुरडी थोरलीला म्हणाली, “माझ्यामागची गाठ रिकामी आहे. धरतेस?” थोरलीनं हुबेहूब माझ्यासारखं नाक मुरडलं. “शी! आम्ही काय वासरं आहोत?” चिमुरडीचा चेहरा पडला. मी मनात लेकीची पाठ थोपटली. घरी मी जेवण वाढेपर्यंत थोरलीनं माझ्या ओढणीला गाठी मारल्या. एका गाठीला धाकटी, दुसरीला बाहुली, शेवटची स्वतःच्या मुठीत. पुढचं टोक माझ्या हाती देत म्हणाली, “बाई, चला ना. मुलं खोळंबलीत.”